चार बोटांचा फरक : रेनाल्डो नेहेमाया शाळेतून कॉलेजात गेला तेव्हा

अमेरिकेतील हायस्कूलचा मुलगा उंच अडथळ्यांची शर्यत धावतो, तेव्हा त्याच्यासमोरचा प्रत्येक अडथळा ९९.१ सेंटीमीटर, म्हणजे ३९ इंच उंच असतो. शाळा संपवून तोच मुलगा कॉलेजच्या संघात आला की अडथळे दहाच राहतात आणि दोन अडथळ्यांमधले अंतरही बदलत नाही, पण उंची मात्र १०६.७ सेंटीमीटर, म्हणजे ४२ इंच होते. ही वाढ तीन इंचांची, आपल्या मापाने सांगायचे तर चार बोटांची आहे. आपल्या स्वयंपाकघरातील ओटा डोळ्यांसमोर आणावा, त्याच्यावर आणखी वीतभर उंची चढवावी, आणि एवढा अडथळा पूर्ण वेगात, तेरा-चौदा सेकंदांत दहा वेळा ओलांडायचा आहे अशी कल्पना करावी, म्हणजे या शर्यतीचे खरे स्वरूप ध्यानात येते. शाळेत सहज पहिले येणारे कितीतरी धावपटू कॉलेजात याच चार बोटांवर अडखळतात. काही जण दुसऱ्या शर्यतीकडे वळतात, तर काहींना आपली जुनी वेळ पुन्हा गाठायलाच दोन-तीन वर्षे लागतात.

रेनाल्डो नेहेमाया हा न्यू जर्सीचा धावपटू या चार बोटांवर अडखळला नाही. उलट शाळेत त्याने नोंदवलेली वेळ आणि पुढे कॉलेजात नोंदवलेली वेळ शेजारी शेजारी ठेवली, तर मधल्या काळात अडथळे उंच झाले होते यावर विश्वास बसू नये, अशी त्याची कामगिरी आहे. तो ऑलिंपिकमध्ये कधीच धावला नाही, त्यामुळे पदकविजेत्यांच्या यादीत त्याचे नाव सापडत नाही, आणि आपल्याकडे तर ते फारसे कोणाला ठाऊकही नाही. मला मात्र वाटते की अडथळ्यांची शर्यत समजून घ्यायची असेल, तर त्याच्या शाळा-कॉलेजातील पाच-सहा वर्षांइतका चांगला धडा दुसरा नाही.

आधी शर्यतीची मापे पाहू. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत सुरुवातीच्या रेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरवर असतो, त्यानंतर दर ९.१४ मीटरला एक अडथळा येतो, आणि दहाव्या अडथळ्यापासून अंतिम रेषा १४.०२ मीटरवर असते. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते मुळात यार्डात ठरलेले आहेत. पहिल्या अडथळ्यापर्यंत १५ यार्ड, मधली नऊ अंतरे प्रत्येकी १० यार्ड आणि शेवटी पुन्हा १५ यार्ड, अशी ती १२० यार्डांची शर्यत होती, आणि नेहेमाया शाळेत असताना अमेरिकेत ती तशीच धावली जात असे. १२० यार्ड म्हणजे १०९.७३ मीटर, अर्थात ११० मीटरपेक्षा २७ सेंटीमीटर कमी. हा २७ सेंटीमीटरचा हिशेब पुढे लागणार आहे.

आता धावपटू नेमके काय करतो ते पाहू. पाहणाऱ्याला वाटते की तो उड्या मारतो आहे, पण खरा अडथळापटू उडी टाळण्याचाच प्रयत्न करत असतो. पाऊल जमिनीवर असते तेव्हाच धावपटूला जमीन मागे रेटून वेग वाढवता येतो किंवा टिकवता येतो. हवेत असताना त्याला रेटायला काहीच नसते, आणि प्रत्येक अडथळ्यावर तो साधारण एक तृतीयांश सेकंद हवेत असतो. दहा अडथळ्यांचे मिळून तीन सेकंदांहून अधिक काळ झाला, आणि शर्यत आहे तेरा-चौदा सेकंदांची. म्हणून अडथळ्यावरून जाताना शरीर जेवढे कमी वर उचलावे लागेल, आणि पाय जेवढा लवकर पुन्हा जमिनीला लागेल, तेवढी वेळ चांगली येते. यासाठी धावपटू पुढचा पाय गुडघ्यातून उचलून सरळ अडथळ्यावर फेकतो, छाती मांडीकडे झुकवतो, आणि मागचा पाय बाजूने, जवळजवळ आडवा करून, काखेखालून पुढे आणतो. असे वाकल्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य फारसा वर न जाता अडथळा पार होतो. साधारण सहा फूट उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य उभा असताना जमिनीपासून एक मीटरच्या आसपास असतो. शाळेतला अडथळा त्याच्याच पातळीला आहे आणि कॉलेजातला त्याच्या वर, एवढे सांगितले तरी चार बोटांचा अर्थ अर्धा कळतो.

उरलेला अर्धा अर्थ जमिनीवर आहे, आणि बहुतेकांचे लक्ष तिकडे जात नाही. उच्च दर्जाचा धावपटू अडथळ्याच्या दोन मीटरांहून थोडे अधिक अलीकडून पाय उचलतो आणि अडथळ्याच्या पलीकडे सव्वा मीटरच्या आसपास उतरतो, म्हणजे ९.१४ मीटरपैकी साडेतीन मीटरच्या जवळपास अंतर हवेतच जाते. उरलेले साडेपाच-पावणेसहा मीटर त्याला तीन पावलांत कापायचे असतात. पावलामागे ही लांबी दोन मीटरांपेक्षा कमी भरते. मोकळ्या शर्यतीत पूर्ण वेगात धावणाऱ्या पुरुषाचे पाऊल सव्वादोन मीटर किंवा त्याहूनही लांब पडते. म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत चांगल्या धावपटूची अडचण पाऊल पुरत नाही ही नसून, पाऊल मावत नाही ही असते. वेग वाढला की पाऊल आपोआप लांबते, पाऊल लांबले की पुढचा अडथळा अंगावर येतो, आणि धावपटू गुडघ्याने किंवा घोट्याने त्याला धडकतो. म्हणून लांब पावले टाकण्याची शरीराची ओढ आवरून आखूड पावले अतिशय जलद टाकावी लागतात. प्रशिक्षक ज्याला लय म्हणतात ती हीच.

अडथळा चार बोटांनी वर गेला की ही लय दोन्हीकडून कचाट्यात सापडते. उंची वाढल्यामुळे हवेतला वेळ आणि हवेतले अंतर वाढते, त्यामुळे जमिनीवरच्या तीन पावलांसाठी आणखी कमी जागा उरते. उलट अंतर वाढू नये म्हणून धावपटू जवळून आणि अधिक उभ्या कोनात वर उडाला, तर त्याचा पुढे जाण्याचा वेग तुटतो आणि पलीकडे तो जड पायाने उतरतो. मग तीन पावलांत वेग पुन्हा मिळवता मिळवता पुढचा अडथळा येतो, आणि प्रत्येक अडथळ्यागणिक हा तोटा साचत जातो. केवळ ताकदीच्या जोरावर शाळेत जिंकणारा मुलगा इथे मागे पडतो. ज्याचे तंत्र आधीच उंच अडथळ्याला पुरेल असे घडलेले असते आणि ज्याचे पाय आखूड जागेत झटपट पडतात, तो टिकतो. (वाचकाला हवे असेल, तर घराजवळच्या मोकळ्या जागेत टेपने ९.१४ मीटर मोजावेत, दोन्ही बाजूंचे हवेतले अंतर खडूने वजा करावे, आणि उरलेल्या जागेत तीन पावले टाकून पाहावीत. दुप्पट वेगाने तेच करायचे म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.)

नेहेमायाचा जन्म २४ मार्च १९५९ चा, नेवर्क शहरातला. त्याची शाळा स्कॉच प्लेन्स-फॅनवुड हायस्कूल, ती न्यू जर्सीतील स्कॉच प्लेन्स या गावात आहे. ‘स्कीट्स’ हे त्याचे टोपणनाव लहानपणापासूनचे होते आणि पुढे जगभरच्या मैदानांवर तेच रूढ झाले. शाळेत तो अमेरिकन फुटबॉलही खेळत असे. अडथळ्यांच्या शर्यतीत त्याला घडवले ते शाळेचे प्रशिक्षक जीन पोकेट यांनी. शाळेच्या शेवटच्या वर्षी, १९७७ साली, नेहेमायाने उंच अडथळ्यांची १२० यार्डांची शर्यत १२.९ सेकंदांत पूर्ण केली, आणि १३ सेकंदांच्या आत येणारा तो अमेरिकेतील पहिला शालेय धावपटू ठरला.

हा १२.९ आकडा नीट वाचला पाहिजे, कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. ही वेळ हाताच्या घड्याळाने घेतलेली होती. पंच पिस्तुलाचा धूर पाहून घड्याळ सुरू करतो, त्यात त्याच्या बोटाला क्षणभर उशीर होतो, आणि शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असल्यामुळे घड्याळ वेळेवर थांबते, म्हणून हाताची वेळ खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते. स्वयंचलित यंत्रात घड्याळ पिस्तुलाबरोबरच सुरू होते आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. आखूड शर्यतींमध्ये या दोन पद्धतींतला फरक साधारण ०.२४ सेकंद धरतात, आणि १९७७ पासून अशा शर्यतींच्या जागतिक विक्रमांसाठी फक्त यंत्राची वेळ ग्राह्य धरली जाऊ लागली. नेहेमायाच्या १२.९ मध्ये ०.२४ मिळवले तर १३.१४ होतात, आणि कमी पडलेल्या २७ सेंटीमीटरचे तीन शतांश सेकंद जोडले तर १३.१७ च्या आसपास आकडा येतो. हा ढोबळ हिशेब आहे, पण तो लक्षात ठेवावा : ३९ इंची अडथळ्यांवर, शाळेत, साधारण १३.१७.

शाळेनंतर तो मेरिलँड विद्यापीठात गेला. अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांपेक्षा फार मोठा पसारा आहे. विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन घेतात, पूर्णवेळ प्रशिक्षक ठेवतात, आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेतील अंतिम शर्यत कित्येकदा जगातील सर्वोत्तम शर्यतींइतकी कठीण असते. त्या काळात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून ग्रेग फॉस्टर धावत होता. तो नेहेमायापेक्षा उंच, अंगाने भक्कम आणि तितकाच वेगवान होता. १९७८ मध्ये, नेहेमायाच्या पहिल्याच वर्षी, यूजीन येथील महाविद्यालयीन अंतिम शर्यतीत फॉस्टर १३.२२ सेकंदांत पहिला आला आणि नेहेमाया १३.२७ सेकंदांत दुसरा. क्यूबाच्या अलेहांद्रो कासान्यासचा जागतिक विक्रम तेव्हा १३.२१ होता. म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या शर्यतीत विजेता जागतिक विक्रमापासून एका शतांश सेकंदावर होता, आणि शाळा सोडून वर्षही न झालेला मुलगा त्याच्या मागे पाच शतांशांवर होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झ्युरिकला नेहेमायाने १३.२३ ची वेळ दिली. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. ४२ इंची अडथळ्यांवरचा कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम झाला तो.

पुढचे वर्ष, १९७९, हे त्याच्या कारकिर्दीचे सर्वांत भरीव वर्ष आहे, आणि त्यातही एप्रिल-मेमधले तीन आठवडे. १४ एप्रिलला कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे त्याने १३.१६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. शाळेच्या वेळेचा आपला ढोबळ हिशेब आठवावा, तो १३.१७ होता. म्हणजे दोन वर्षांत अडथळे चार बोटांनी चढले आणि घड्याळावर त्याची काहीच खूण उरली नाही. ६ मे रोजी लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागात त्याने स्वतःचाच विक्रम मोडून १३.०० ची नोंद केली. बावीस दिवसांत जागतिक विक्रम १३.२१ वरून १३.०० वर आला. यापूर्वी रॉड मिलबर्नच्या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील १३.२४ पासून १३.२१ पर्यंत, म्हणजे अवघे तीन शतांश पुढे सरकायला, पाच वर्षे लागली होती.

या दोन विक्रमांच्या मधोमध, एप्रिलच्या अखेरीस, फिलाडेल्फियातील पेन रिलेज ही स्पर्धा झाली. १८९५ पासून चालत आलेली ही रिले शर्यतींची जत्रा आहे. तिथे शाळा, कॉलेजे आणि क्लब यांचे संघ दिवसभर एकामागून एक धावतात, आणि प्रेक्षक स्टेडियम भरून टाकतात. नेहेमायाने मेरिलँडला तिथे तीन रिले शर्यती जिंकून दिल्या : अडथळ्यांची रिले, ४ गुणिले २०० मीटर आणि ४ गुणिले ४०० मीटर. तिन्हींमध्ये शेवटचा टप्पा त्याचाच होता. ४०० मीटरच्या टप्प्यात बॅटन हातात आला तेव्हा त्याचा संघ मागे होता, आणि त्याने तो टप्पा ४४.३ सेकंदांत धावून सामना फिरवला. रिलेत धावपटूला पळत पळत बॅटन मिळतो, त्यामुळे ही वेळ स्वतंत्र शर्यतीतील वेळेशी ताडून पाहता येत नाही, तरीही तेरा सेकंदांच्या अडथळ्यांच्या शर्यतीसाठी घडवलेल्या शरीराने एकाच स्पर्धेत असे काही करावे, हे आजही थक्क करणारे आहे. अडथळ्यावरचे तंत्र उत्तम असलेले धावपटू पुष्कळ असतात, आणि नुसत्या वेगाचे धावपटू त्याहून पुष्कळ असतात. वेग एवढा आणि तो आखूड पावलांत कोंडून ठेवण्याचे कसबही एवढे, हा मेळ दुर्मीळ आहे, आणि पेन रिलेजच्या त्या शर्यतींनी नेहेमायाच्या वेगाची बाजू उघड्यावर आणली.

जूनमध्ये इलिनॉयमधील शँपेन येथे महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या अंतिम शर्यतीत त्याने फॉस्टरला हरवले. वेळ होती १२.९१ सेकंद. १३ सेकंदांच्या आतली, तरीही विक्रम म्हणून ती धरली गेली नाही. आखूड शर्यतींमध्ये पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल, तर जिंकलेला जिंकतोच, मात्र वेळ विक्रमासाठी बाद होते. त्या दिवशी वारा सेकंदाला ३.५ मीटर होता. वाऱ्याची मदत अडथळ्यांच्या शर्यतीत दुधारी असते, हे इथे सांगायला हवे. मोकळ्या शर्यतीत पाठीवरचा वारा सरळ फायद्याचा असतो, पण अडथळ्यांच्या शर्यतीत तो पावले लांबवतो, आणि जागा तर आधीच अपुरी असते. जोराच्या वाऱ्यात अडथळे पाडत जाणारे धावपटू म्हणूनच दिसतात. अडथळा पाडणे हा गुन्हा नाही, मुद्दाम पाडला नाही तर धावपटू बाद होत नाही. अडथळ्याचे पाय धावपटूच्या बाजूला असे बसवलेले असतात की धक्का लागला की तो पुढच्या दिशेने कोसळतो आणि धावणाऱ्याला अडकवत नाही. पण प्रत्येक धक्क्याने लय मोडते, आणि लय मोडली की वेळ गेलीच.

त्याच वर्षी सॅन हुआन येथील पॅन अमेरिकन स्पर्धेत आणि माँट्रियल येथील विश्वचषक स्पर्धेत त्याने सुवर्णपदके मिळवली. विशीतल्या मुलाचे एकाच वर्षात एवढे सगळे झाले, आणि पुढचे वर्ष ऑलिंपिकचे होते.

१९७९ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि त्याचा निषेध म्हणून अमेरिकेने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. अमेरिकेची निवड चाचणी तरीही यूजीनला झाली, आणि आपण कुठेही जाणार नाही हे ठाऊक असलेल्या धावपटूंच्या त्या चाचणीत नेहेमाया १३.२६ सेकंदांत पहिला आला. मॉस्कोत पूर्व जर्मनीच्या थॉमस मुंकेल्टने १३.३९ सेकंदांत सुवर्ण जिंकले आणि कासान्यास १३.४० मध्ये दुसरा आला. नेहेमाया तिथे असता तर जिंकलाच असता, असे मी म्हणणार नाही. दहा अडथळ्यांच्या शर्यतीत कोणतीही गोष्ट गृहीत धरता येत नाही, आणि मुंकेल्टचे सुवर्ण त्याच्या हक्काचे आहे. मात्र जगातील सर्वांत वेगवान अडथळापटूला, तो सर्वांत वेगवान असलेल्या काळात, ऑलिंपिकच्या रेषेवर उभे राहता आले नाही, ही हानी त्याच्याइतकीच शर्यतीचीही आहे, आणि ती मला मनापासून सलते.

१९ ऑगस्ट १९८१ रोजी झ्युरिकच्या लेट्झिग्रुंड स्टेडियममध्ये तो आणि फॉस्टर पुन्हा एकत्र धावले. वारा समोरून होता, अगदी मंद, सेकंदाला ०.२ मीटर. म्हणजे शँपेनच्या वेळी मिळालेली मदत इथे मुळीच नव्हती. नेहेमायाने १२.९३ सेकंदांत शर्यत जिंकली आणि नियमानुसार १३ सेकंदांच्या आत येणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. फॉस्टरची वेळ १३.०३ होती, आणि तोवर नेहेमायाखेरीज कोणीही तेवढे वेगाने धावले नव्हते. या शर्यतीचा साधा हिशेब मांडून पाहावा. पहिल्या अडथळ्यापलीकडे पाऊल टेकायला अडीच सेकंद लागतात, दहाव्या अडथळ्यानंतर अंतिम रेषेपर्यंत दीड सेकंदाच्या आत-बाहेर जातो, म्हणजे मधल्या नऊ अंतरांना साधारण नऊ सेकंद उरतात. अडथळ्यामागे एक सेकंद. त्या एका सेकंदात एक अडथळा ओलांडायचा आणि पुढच्यासाठी तीन पावले टाकायची, आणि हे नऊ वेळा, एकदाही न चुकता. झ्युरिकला नेहेमायाने तेच करून दाखवले.

त्यानंतर जे झाले ते समजायला त्या काळचा हौशीपणाचा नियम माहीत असावा लागतो. ॲथलेटिक्सचा खेळाडू तेव्हा हौशी मानला जाई, आणि कोणत्याही खेळात पैसे घेऊन करार केला, मग तो खेळ वेगळा का असेना, तर तो व्यावसायिक ठरून ॲथलेटिक्सला मुकत असे. १९८२ मध्ये नेहेमायाने सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाशी करार केला. कॉलेजात तो फुटबॉल खेळलेला नव्हता, तरी लांब धावत जाऊन पास झेलणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे वाइड रिसीव्हरच्या जागेसाठी संघाने त्याला घेतले. तिथे तो तीन हंगाम खेळला, आणि १९८५ च्या जानेवारीत सुपर बोल, म्हणजे त्या खेळाची अजिंक्यपदाची अंतिम लढत, जिंकणाऱ्या संघातही होता. पण या काळात अडथळ्यांच्या शर्यतीची दारे त्याला बंद होती. १९८३ साली हेलसिंकीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती फॉस्टरने १३.४२ सेकंदांत जिंकली. १९८४ साली त्याच्याच देशात, लॉस एंजेलिसला ऑलिंपिक झाले, तिथे रॉजर किंगडम १३.२० मध्ये पहिला आणि फॉस्टर १३.२३ मध्ये दुसरा आला. विश्वविक्रम नावावर असलेला नेहेमाया रेषेवर येऊ शकला नाही, कारण दुसऱ्याच एका खेळात त्याला पगार मिळत होता.

त्याला पुन्हा धावण्याची परवानगी १९८६ मध्ये मिळाली, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. परतल्यानंतरही तो जगातील आघाडीच्या धावपटूंमध्ये आला, पण २०-२२ व्या वर्षीचे पाय परत आले नाहीत. ज्या शर्यतीत सगळे काही पावलांच्या लयीवर अवलंबून आहे, तिच्यापासून चार हंगाम दूर राहिल्यावर ते परत येणे कठीणच. त्याचा १२.९३ चा विक्रम आठ वर्षे टिकला. ऑगस्ट १९८९ मध्ये झ्युरिकलाच किंगडमने १२.९२ ची नोंद करून तो मोडला. त्यानंतर २०१२ मध्ये एरीस मेरिटने १२.८० ची वेळ दिली. १९८१ पासून २०१२ पर्यंत, एकतीस वर्षांत, उत्तम बूट आणि उत्तम ट्रॅक असूनही जगाने तेरा शतांश कमावले. नेहेमायाने एकट्याने दोन हंगामांच्या अंतरात अठ्ठावीस कमावले होते. मराठी वाचकासाठी आणखी एक माप देतो : महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने मे २०२४ मध्ये फिनलंडमधील युवास्क्युला येथे १३.४१ सेकंदांचा भारतीय राष्ट्रीय विक्रम केला. याच शर्यतीत, याच उंचीच्या अडथळ्यांवर, तेजसने जे मिळवले त्यामागचे कष्ट ज्यांना दिसतात, त्यांना १९७९ च्या १३.०० चा अर्थ अधिक नेमका कळेल.

स्कॉच प्लेन्स गावाचे नाव अडथळ्यांच्या इतिहासात दुसऱ्यांदाही आले. याच गावातील युनियन कॅथलिक या शाळेत सिडनी मॅकलॉफ्लिन शिकली. तिची शर्यत ४०० मीटर अडथळ्यांची. तिथे मुलींसाठी अडथळा शाळेतही ७६.२ सेंटीमीटरचा आणि ऑलिंपिकमध्येही तेवढाच, त्यामुळे चार बोटांची अडचण तिच्यापुढे नव्हती. २०१६ मध्ये, शाळेत असतानाच, अमेरिकेच्या निवड चाचणीत तिसरी येऊन ती रिओ ऑलिंपिकला गेली. केंटकी विद्यापीठात ती एकच वर्ष होती. २०१८ चे महाविद्यालयीन अजिंक्यपद जिंकले आणि लगेच व्यावसायिक झाली. त्यानंतर टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिने जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकले, पॅरिसला ५०.३७ सेकंदांत. एकाच गावातल्या दोन शाळांमधून आलेल्या या दोघांच्या वाटा पैशाच्या प्रश्नापाशी वेगळ्या होतात. करार केल्यामुळे सिडनीला ऑलिंपिकची तयारी निश्चिंतपणे करता आली, आणि नेहेमायाने करार केला तेव्हा त्याच्यापुढे ऑलिंपिकचा रस्ताच संपला. नियम दोघांच्या मधल्या काळात बदलले, आणि फार आधी बदलायला हवे होते.

नेहेमायाच्या नावावरचा एक विक्रम मात्र १२.९३ पेक्षाही कितीतरी अधिक काळ टिकला. १९७८ मध्ये, शाळा सोडून वर्ष झाल्यावर, ४२ इंची अडथळ्यांवर त्याने दिलेली १३.२३ ची कनिष्ठ गटातील वेळ २४ वर्षे तशीच राहिली. चीनच्या लिऊ शिआंगने २ जुलै २००२ रोजी लोझान येथे १३.१२ सेकंदांत धावून ती मागे टाकली. हाच लिऊ २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक विजेता झाला आणि २००६ मध्ये, पुन्हा लोझानलाच, त्याने १२.८८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. आता २० वर्षांखालील मुलांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अडथळा ९९.१ सेंटीमीटरवर ठेवतात, स्कॉच प्लेन्सच्या शाळेत नेहेमायासमोर होता तेवढाच.